रोजच्या वापरातल्या पिकअपला दीड-दोन इंच लिफ्ट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझी व्ही-क्रॉस (इसुझूची पिकअप) ओतूरच्या शेतात, नारायणगावच्या टोमॅटो बाजारात आणि आठवड्यातून एकदा पुण्याला अशी रोज पळते, आणि तिला ४० मिमी लिफ्ट आहे, म्हणजे ती मूळ उंचीपेक्षा तेवढी वर उचललेली आहे. त्याबद्दल लोक फोनवर, मेसेजवर, कधी पेट्रोलपंपावर उभं करून जे विचारतात ते सगळं इथं एकत्र लिहितोय. उदाहरणं व्ही-क्रॉस आणि टोयोटाच्या हायलक्सची आहेत, कारण दोन्हींची रचना बरीचशी सारखी आहे, पुढं स्वतंत्र विशबोन (चाक धरणारे वरचे-खालचे आर्म) आणि कॉइल स्प्रिंग, मागं सलग ॲक्सल आणि कमानपाटे.

१. लिफ्ट म्हणजे नक्की काय करतात? बॉडी लिफ्ट आणि सस्पेन्शन लिफ्ट एकच का?

नाही. सस्पेन्शन लिफ्टमध्ये चाकं आणि चॅसी (गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा) यांच्यातलं अंतर वाढतं, म्हणजे चॅसी, इंजिन, केबिन, हौदा सगळं वर जातं. बॉडी लिफ्टमध्ये चॅसी आहे तिथंच राहते, फक्त केबिन आणि हौद्याच्या खाली ठोकळे घालून ते वर उचलतात, त्यानं मोठा टायर बसायला जागा होते पण पोट घासायचं ते घासतंच. रोजच्या गाडीला बॉडी लिफ्टचा काही उपयोग नाही असं माझं स्पष्ट मत आहे, त्यामुळे इथून पुढं फक्त सस्पेन्शन लिफ्टबद्दल.

२. मला खरंच गरज आहे का? गाडी स्पीड ब्रेकरला खाली लागते.

आधी का लागते ते बघा. व्ही-क्रॉसचा व्हीलबेस ३०९५ मिमी, हायलक्सचा ३०८५, एवढ्या लांब गाडीचं पोट गावातल्या उभट स्पीड ब्रेकरवर टेकतं ते दोन चाकांमधल्या लांबीमुळे, आणि तिथं ४० मिमीनं फरक पडतो, मला पडला. पण गाडी जुनी असेल तर आधी पाटे बघा. लाखभर किलोमीटर माल वाहून पाटे बसलेले असतात, पुढच्या स्प्रिंगसुद्धा बसलेल्या असतात, आणि मग माणूस म्हणतो लिफ्ट पाहिजे, खरं तर त्याला नवीन स्प्रिंग पाहिजे असतात. प्रत्येक चाकाच्या हबच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावा आणि चारही आकडे लिहून ठेवा. जमिनीपासून मोजू नका, टायरची हवा कमीजास्त असली की आकडा खोटा येतो. हेच आकडे पुढं कामाच्या दिवशी लागणार आहेत (प्रश्न ११).

३. किती करू? दोन इंच, तीन, चार?

रोजच्या गाडीला पुढं ४० मिमी, फार तर ५०. कारण पुढच्या चाकाला ताकद नेणारा ॲक्सल डिफरन्शियलमधून (डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणारी गिअरपेटी) तिरका खाली उतरतो, गाडी जितकी वर जाईल तितका तो तिरकस होतो, आणि त्याच्या टोकाचा जॉइंट आणि रबरी बूट सतत दुमडलेल्या अवस्थेत फिरतात.

मी पहिल्यांदा तीन इंच केली होती. गॅरेजवाल्यानं सांगितलं काही होत नाही, आणि दिसायला गाडी जबरदस्त दिसत होती हे खरं. सात महिन्यांनी कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला थांबलो तर उजव्या चाकाच्या आतल्या बाजूला रिमभर काळं ग्रीस उडालेलं. बूट घडीच्या जागी फाटला होता, आत घाटातली माती गेलेली, हाताला ग्रीस घेऊन चोळलं तर वाळू कचकचत होती. जॉइंट गेला. त्या खर्चात चांगल्या स्प्रिंगचा एक जोड आला असता. म्हणून तीन इंच विचारणाऱ्याला मी दोनच्या आत राहा असं कळकळीनं सांगतो.

४. ४० मिमी लिफ्ट म्हणजे ग्राउंड क्लिअरन्स ४० नं वाढला ना?

पुढं पोटाखाली वाढला, मागं नाही. मागचा डिफरन्शियलचा गोळा ॲक्सलवरच असतो आणि ॲक्सल चाकांना धरून असतो, त्यामुळे लिफ्ट कितीही करा, तो गोळा जमिनीपासून तेवढाच राहतो. त्याला वर न्यायचा एकच मार्ग, मोठा टायर, आणि तोही व्यासाच्या वाढीच्या निम्मा (प्रश्न १०). लिफ्टनं चढाला नाक लागत नाही, मागं हौद्याचं टोक लागत नाही, बांधावरून जाताना पोट लागत नाही. पण ट्रॅक्टरनं पाडलेल्या खोल चाकोरीत मधल्या उंचवट्यावर तो गोळा आधी घासायचा तसाच घासणार, तिथं एक चाक उंचवट्यावर घेऊनच काढायची.

५. स्पेसर काही हजारांत होतो आणि पूर्ण किट लाखाच्या पुढं जातं. स्पेसर का नको?

स्पेसर म्हणजे पुढच्या शॉकअपच्या डोक्यावर बसणारी जाड चकती. शॉकअप खालच्या आर्मवर साधारण मध्यावर टेकलेला असतो, त्यामुळे चकतीच्या जाडीच्या जवळजवळ दुप्पट उंची चाकाला मिळते, २० मिमीची चकती आणि ४० च्या आसपास लिफ्ट. लोकांना हे माहीत नसतं, दोन इंच पाहिजे म्हणून दोन इंचाची चकती मागतात आणि चार इंचाच्या भानगडीत अडकतात.

२० मिमीची चकती, मूळ टायर, गाडी बहुतेक डांबरावर, हौदा रिकामा, एवढंच असेल तर चालून जातं, मी नको म्हणणार नाही. पण चकतीनं शॉकअप आहे तसाच लटकतो, फक्त आख्खा खाली ढकलला जातो, स्प्रिंग तीच, दम तोच, आणि चाक खाली लटकलं की बॉल जॉइंट (आर्म आणि चाक जोडणारा गोल सांधा) आणि ॲक्सल मूळ मर्यादेच्या पुढं ताणले जातात. स्प्रिंग बदलली तर उंची स्प्रिंगमधून येते आणि तिच्या जोडीला त्याच लांबीचा शॉकअप मिळतो. शेतरस्ता रोजचा असेल तर पैसे साठवा आणि स्प्रिंग-शॉकअपच घ्या.

६. स्प्रिंग कुठली घेऊ? दुकानदार विचारतो लाइट, मीडियम की हेवी.

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हा आहे आणि लोक सगळ्यात कमी वेळ यालाच देतात. ओल्ड मॅन इमू, आयर्नमॅन, टफ डॉग, ही सगळी ऑस्ट्रेलियन किटं, आणि त्यात एकाच गाडीला वेगवेगळ्या वजनाच्या स्प्रिंग येतात, कारण उंची ठरते ती स्प्रिंगवर कायम किती वजन बसलंय त्याच्यावर. पुढं लोखंडी बंपर आणि विंच (अडकलेली गाडी ओढून काढायचं दोराचं यंत्र) असेल तर तिथंच शंभर किलोच्या आसपास वजन वाढलं, त्याला हेवी स्प्रिंग पाहिजे. तीच हेवी स्प्रिंग मोकळ्या नाकाच्या गाडीला घातली तर गाडी ४० च्या जागी ६५ वर जाऊन बसते आणि प्रत्येक खड्ड्याला टाळक्यात हाणते.

म्हणून एक वही घ्या आणि एक महिना लिहा, रोज गाडीत काय असतं. कधीतरी असतं ते नाही, रोजचं. माझ्या वहीत निघालं की आठवड्यातले पाच दिवस हौद्यात फक्त फवारणीचा पंप आणि चार-दोन पाइप, दोन दिवस टोमॅटोची आठ-दहा क्रेट, एक क्रेट वीस किलोचं, म्हणजे दोनशे किलोच्या आत. मी दुकानात जाताना हेवी घ्यायच्या तयारीत होतो, वही बघून मागं मीडियम पाटे घेतले आणि पुढं मूळ बंपर असल्यामुळे सगळ्यात हलकी स्प्रिंग घेतली. आज घरच्यांना मागच्या सीटवर बसवून माळशेज उतरतो तेव्हा कोणी तक्रार करत नाही.

डिझेलही वजनच आहे. हायलक्सची टाकी ८० लिटरची, भरली की ६५-७० किलो होतात. हौद्यावरचं झाकण, छपराचं कॅरिअर, कायमची टूलबॉक्स, हे सगळं त्या बेरजेत धरा. आणि पुढं सहा महिन्यांत विंच घेणारच असाल तर आधी विंच घ्या, मग स्प्रिंग.

७. मागं ठोकळा, जादा पाटा, लांब शॅकल की नवीन पाट्यांचा संच?

नवीन संच उत्तम. जादा पाटा घातला की उंची मिळते पण गाडी कडक होते, रोज माल असेल तर बरं, रिकामी चालवायची असेल तर मागचे लोक उड्या मारतात. शॅकल म्हणजे पाट्याचं टोक चॅसीला टांगणारी कडी, ती जितकी लांब कराल त्याच्या निम्मीच उंची मिळते आणि पाट्याचा कोनही बदलतो. ॲक्सल आणि पाट्याच्या मध्ये ठोकळा हा सगळ्यात स्वस्त मार्ग, पण चढावर जोर लावला की ॲक्सल पिळवटतो आणि ठोकळ्यामुळे ती पिळवट वाढते. एकावर एक दोन ठोकळे तर कधीच नाही, आणि यू-बोल्ट (पाटा ॲक्सलला बांधणारे) प्रत्येक वेळी नवीन, जुने परत आवळायचे नाहीत.

८. मागची बाजू आधीच उंच दिसते, फक्त पुढचं उचललं तर?

कंपनीनं मागचं मुद्दाम उंच ठेवलंय, माल भरला की ते खाली येऊन गाडी सपाट होते. पुढं ४० आणि मागं काहीच नाही केलं तर रिकामी गाडी छान सपाट दिसेल, पण क्रेट भरली की नाक आकाशाकडं, दिवे समोरच्याच्या डोळ्यात आणि पुढच्या चाकांवरचं वजन कमी. हौदा जवळजवळ रिकामाच असतो त्यांनी फक्त पुढं २५-३० केलं तर हरकत नाही. माल वाहणाऱ्यांनी पुढं ४० असेल तर मागं निदान २५-३० ठेवावं.

९. वरचा आर्म बदलायलाच लागतो का? आणि अलाइनमेंट कुठंही चालेल?

४० मिमीपर्यंत बहुतेक वेळा मूळ आर्मवर भागतं. अडचण कॅस्टरची येते, म्हणजे पुढचं चाक ज्या अक्षावर वळतं त्याच्या मागं झुकलेल्या कोनाची. गाडी वर गेली की कॅस्टर कमी होतो, मग हायवेला गाडी भटकते आणि वळण घेतल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ होत नाही, हातानं आणावं लागतं. खालच्या आर्मच्या कॅम बोल्टवर (फिरवून कोन बदलायचा बोल्ट) जेवढं मिळतं तेवढं घ्यायचं, तेवढ्यानं कॅस्टर बसला नाही तर मग वरचा आर्म.

अलाइनमेंटवाल्याकडून छापील कागद घ्या आणि त्यात कॅस्टर, कॅम्बर (चाकाचा उभा झुकाव), टो (चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळलीत ते) तिन्ही आहेत का बघा. खूप ठिकाणी फक्त टो लावतात आणि झालं म्हणतात. शेवटी स्टिअरिंग सेन्सर शून्यावर घ्यायला सांगा, नाहीतर ईएससीचा (गाडी घसरू न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लागतो.

१०. लिफ्टबरोबर टायर किती मोठा?

एक पायरी. जुन्या व्ही-क्रॉसला २४५/७० आर १६ येतो, त्याच्या जागी २६५/७० आर १६ घातला तर व्यास साधारण ७४९ वरून ७७७ मिमी होतो, म्हणजे मागचा गोळा १४ मिमी वर आणि स्पीडोमीटर साधारण पावणेचार टक्के कमी दाखवणार, काट्यावर ८० असेल तर गाडी आधीपेक्षा तीनेक किलोमीटर जास्त वेगात. हायलक्सला २६५/६५ आर १७ च्या जागी २६५/७० आर १७ घातला तरी गणित साधारण तेच. टायर घेण्याआधी स्टिअरिंग पूर्ण वळवून आणि एक चाक ठोकळ्यावर चढवून आतल्या प्लास्टिकला घासतंय का बघा, सपाट जमिनीवर बघून काही कळत नाही. स्टेपनीच्या जागेत मोठा टायर बसतो का हेही तेव्हाच बघा.

११. गॅरेजमध्ये काम चालू असताना मी काय बघायचं? मला यातलं कळत नाही.

कळायची गरज नाही, उभं राहायची गरज आहे. मुख्य गोष्ट बुश, म्हणजे सांध्यातल्या बोल्टभोवतीची रबरी नळी. खालच्या आर्मचे आणि पाट्यांच्या टोकाचे रबरी बुश ज्या अवस्थेत आवळले जातात ती त्यांची सरळ अवस्था होते. मेकॅनिक गाडी जॅकवर उचललेली असताना, चाकं खाली लटकत असताना बोल्ट गच्च करतो, मग गाडी जमिनीवर आली की प्रत्येक बुश कायमचा पिळलेला, वर्षभरात फाटतो आणि कुरकुर सुरू होते. बोल्ट हलके लावायचे, गाडी चाकांवर जमिनीला टेकवायची, दोन माणसांनी बंपर दाबून हलवायची, आणि त्यानंतर खाली झोपून टॉर्क रेंचनं आवळायचं. माझ्या दुसऱ्या वेळच्या मेकॅनिकनं, वय झालेला माणूस, न सांगता फरशीवर पोतं टाकलं आणि गाडीखाली जाऊन एकेक बोल्ट आवळला, प्रत्येकाच्या डोक्यावर पांढऱ्या खडूची रेघ ओढत. तेव्हाच मी ठरवलं की पुढची सगळी कामं याच्याकडं.

बाकी बघायचं ते असं. चाक पूर्ण लटकलेलं असताना ब्रेकचा होज आणि एबीएसची वायर ताणत नाही ना, यू-बोल्ट नवीन आहेत ना, आणि प्रश्न २ मधले चार आकडे परत मोजा. पाचशे ते हजार किलोमीटरवर यू-बोल्ट परत आवळून घ्या. नवीन स्प्रिंग या काळात थोडी बसते, त्यामुळे तेव्हाच अलाइनमेंटही परत.

१२. लिफ्टनंतर गाडी जागेवरून पुढं काढताना खालून थरथर येते, मग जाते. टायर बॅलन्सिंग करून झालं.

टायर नाही, शाफ्ट. मागच्या ॲक्सलला ताकद नेणारा प्रोपेलर शाफ्ट दोन तुकड्यांचा असतो आणि मध्ये सेंटर बेअरिंग चॅसीला टांगलेलं. मागं उंची वाढली की जॉइंटचे कोन बदलतात आणि पहिल्या-दुसऱ्या गिअरला जोर लावताना थरथर येते. सेंटर बेअरिंगच्या कंसाखाली काही मिमीचे वॉशर घालून ते थोडं खाली आणतात, बहुतेकदा तेवढ्यानं जातं. तरीही राहिली तर पाट्याखाली पाचर घालून ॲक्सलचा कोन बदलावा लागतो.

१३. गाडी उजवीकडं १० मिमी झुकलेली दिसते. किट खराब आलं का?

बहुतेक नाही. आपल्याकडं ड्रायव्हर उजवीकडं, आणि तुम्ही मोजताना कोण कुठं बसलं होतं, टाकी किती भरली होती यानं फरक पडतो. काही किटांमध्ये ड्रायव्हरच्या बाजूची स्प्रिंग मुद्दाम किंचित उंच असते, फिटरनं डावी-उजवी अदलाबदल केली तर गाडी झुकते, स्प्रिंगवरचा नंबर वाचून घ्या. नंबर बरोबर असूनही झुकत असेल तर त्या बाजूला पातळ पॅकर (चकती) घालतात.

१४. दिवे आणि ब्रेकचं काही करावं लागतं?

दिवे खाली घ्या, त्याच संध्याकाळी. समोरून येणारा बाइकवाला तुमच्या लिफ्टमुळे आंधळा व्हायला नको.

ब्रेकचं असं, काही पिकअपना मागच्या ॲक्सल आणि चॅसीच्या मध्ये एक दांडी असते, ती हौद्यात माल किती ते ओळखून मागच्या ब्रेकचा दाब कमीजास्त करते. गाडी उचलली की तिला वाटतं हौदा रिकामाच आहे, आणि भरल्या गाडीला मागचा ब्रेक कमी मिळतो. खाली वाकून बघा, दांडी असेल तर तिचा कंस लिफ्टच्या मापानं बदलून घ्या. घाट उतरणाऱ्यांनी हे अजिबात सोडू नका.

१५. हे कायदेशीर आहे का? पोलीस पकडतात का?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकानं दिलेल्या मूळ वर्णनाशी आरसीतले तपशील जुळणार नाहीत असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही मूळ वैशिष्ट्यांच्या विरुद्ध बदल चालणार नाही असं सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीनं आलेल्या १८२ए (४) मध्ये परवानगी नसलेल्या बदलाला प्रत्येक बदलामागं ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही आहे. रस्त्यावर कोणी ४० मिमी मोजत बसत नाही असं लोक सांगतात, पण अपघात झाला की गाडी बारकाईनं तपासली जाते. काम करायच्या आधी तुमच्या आरटीओत लेखी विचारा, आणि नाही म्हणाले तर प्रश्न २ मधलं पाटे-स्प्रिंग मूळ मापाची नवीन घालायचं काम करा, त्यानं जुन्या गाडीला हरवलेली उंची परत मिळते.

१६. विमा आणि वॉरंटी?

विमा कंपनीला ईमेल करा आणि उत्तर जपून ठेवा. न सांगितलेला बदल क्लेमच्या वेळी सापडला तर क्लेम नाकारायला कारण मिळतं. वॉरंटीत असलेल्या गाडीचा ॲक्सल, बॉल जॉइंट, बुश यांच्यावर सर्व्हिस सेंटर बोट ठेवणार हे धरूनच चला. वॉरंटीचं एखादं वर्ष राहिलं असेल तर माझं मत, थांबा.

१७. मायलेज पडतं का? घाटात गाडी डोलते का?

माझं बारा होतं ते साडेअकराच्या आसपास आलं, त्यातला बराचसा वाटा टायरचा. डोलणं स्प्रिंग आणि शॉकअपवर आहे, बरोबर वजनाची स्प्रिंग असेल तर मूळ मऊ गाडीपेक्षा कमी डोलते. पण गाडीचं वजन वर गेलंय हे विसरायचं नाही, ताम्हिणीच्या उलट्या वळणांना मी आधीपेक्षा पाच-सात किलोमीटर कमी वेगानं जातो.

१८. घरात वयस्कर माणसं आहेत, चढता येईल का?

आधी त्यांना विचारा, मग किट मागवा. आई नऊवारी नेसते, पहिल्या लिफ्टनंतर ती गाडीत बसायचंच टाळायला लागली आणि मला ते दोन महिने कळलं नाही. आता ४० मिमी, रुंद फूटस्टेप आणि दाराच्या खांबाला पकडायला दांडा आहे, ती एकटी चढते. सोसायटीच्या बेसमेंटची उंचीची पाटीही त्याच दिवशी वाचा, हायलक्स मुळात १८१५ मिमी उंच आहे, त्यात लिफ्ट, टायर आणि छपरावरचं कॅरिअर मिळवा.

१९. लग्नसराईत जास्त माल असतो. हेवी पाट्यांऐवजी मागं हवेच्या पिशव्या लावल्या तर?

पिशवी लागते तेव्हाच हवा भरता येते हा फायदा खरा आहे. पण पाट्याचं वजन चॅसीवर दोन टोकांना वाटलं जातं आणि पिशवीचं एकाच ठिकाणी, बरोबर ॲक्सलच्या वर येतं. हौद्याच्या शेवटी जड माल किंवा ट्रेलर, पिशव्या फुगवलेल्या, आणि वर खड्डा, असं झालं तर चॅसी त्या जागी वाकू शकते. आणि पाटा काय, पिशवी काय, गाडीची मंजूर वजनमर्यादा त्यानं एक किलोनंही वाढत नाही.

२०. माझी जुनी पिकअप आहे, पुढं कॉइल नाही, टॉर्शन बार आहे. बोल्ट फिरवला की वर येते म्हणतात.

टॉर्शन बार म्हणजे पिळून स्प्रिंगचं काम करणारा दांडा. बोल्टनं तो आवळला की गाडी वर येते, आणि फुकट येते. पण बार आवळला की चाकाला खाली जायला जागा उरत नाही, प्रत्येक खड्ड्याला चाक लटकून ठक्कन वाजतं. बसलेली गाडी मूळ उंचीवर आणण्यापुरता फिरवा, २०-२५ मिमीच्या पुढं नको. ॲक्सलचा कोन आणि अलाइनमेंट याचं प्रश्न ३ आणि ९ मधलं सगळं इथंही लागू.

२१. पुढं गाडी विकायची झाली तर?

काढलेल्या मूळ स्प्रिंग, शॉकअप, पाटे भंगारात देऊ नका. ग्रीस पुसून, कुठल्या बाजूचं काय ते ऑइल पेंटनं लिहून पोत्यात बांधून ठेवा. माझे गोठ्याच्या माळ्यावर आहेत, डाव्यावर डा, उजव्यावर उ.